एका गाठीची बरणी

मी, शैला राजाराम मेश्राम, मूळ गाव लाखनी, जिल्हा भंडारा, हल्ली राहणार गाझियाबाद, वय कागदावर शहात्तर आणि माझ्या आईच्या म्हणण्याप्रमाणे त्याहून थोडे जास्त, हे माझे मृत्युपत्र तोंडाने सांगते आहे आणि माझी नात श्रावस्ती सुगत मेश्राम ते लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही. डोके ठिकाणावर आहे. समोरच्या फ्लॅटमधले डॉक्टर निखिल खोब्रागडे यांनी तसे कागदावर लिहून दिले आहे. लिहिताना ते हसत होते, पण सही खरी आहे.

माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. धाक मात्र आहे. तो माणसाचा नाही. आमच्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे, स्टीलच्या छोट्या डबीत एक फिल्मचा रोल आहे, त्याचा आहे.

श्रावस्ती म्हणाली, "आजी, धाक वगैरे नको ना लिहूया. वकील बोलेल, प्रेशर होता."

लिही म्हटले. लिहिले आहे.

कलम पहिले : घर

हा दोन खोल्यांचा फ्लॅट, लिफ्ट असून नसल्यासारखी, माझ्या नावावर आहे. श्रावस्तीचे आजोबा निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या पैशांतून घेतला. माझ्यामागे तो माझी सून देवयानी हिचा. तिने पुन्हा लग्न केले तरी तिचाच, नाही केले तरी तिचाच. गुरुग्रामच्या तिच्या ऑफिसातले पुष्कर नावाचे गृहस्थ तिला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडतात आणि हल्ली स्टेशन बरेच लांब गेले आहे, हे मला कळत नाही असे तिला वाटते.

देवयानी स्वयंपाकघरातून ओरडली, "आई! हे मृत्युपत्रात?"

"मग कशात? सोसायटीच्या ग्रुपवर टाकू?"

अट एकच. पुष्कर या घरात आले तर त्यांनी माझ्या सुगतच्या खुर्चीत बसू नये. खुर्ची पवित्र आहे म्हणून नव्हे. तिचा एक पाय हलतो आणि तिला सांभाळून बसणे फक्त सुगतला जमायचे. पुष्करनी आपली खुर्ची आणावी. चांगली, मजबूत आणावी.

कलम दुसरे : बँक आणि अंगठा

पोस्टात आणि बँकेत जे निघेल ते श्रावस्तीच्या शिक्षणाला. सोन्याच्या दोन बांगड्या देवयानीच्या. बाकी कानातले खोटे आहे, भांडू नये.

बँकेतल्या मशीनला माझा अंगठा कळत नाही. मी अंगठा ठेवला की ते लाल होते, म्हणजे ही बाई शैला नव्हे. अनेक वर्षे फोटो धुवायच्या औषधाच्या, म्हणजे डेव्हलपरच्या, पाण्यात हात घालून माझ्या बोटांची कातडी सोलून निघाली, तिच्याबरोबर रेषाही गेल्या. म्हणून भीती वाटते, की माझ्यामागे कोणी उठून म्हणेल, हा अंगठा म्हातारीचा नाहीच. त्यासाठी साक्षीदारांनी मी अंगठा उठवताना माझ्याकडे बघावे, मोबाइलकडे बघू नये.

कलम तिसरे : एन्लार्जर

फोटो मोठा करायचे यंत्र, ज्याला एन्लार्जर म्हणतात, ते माझे दीर अशोक भाऊजी यांनी "सांभाळायला" म्हणून नागपूरला नेले. तिथे ते टेबललॅम्प म्हणून सांभाळले जात आहे. त्याच्या उजेडात ते पेपर वाचतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. ते यंत्र श्रावस्तीचे. भाऊजींना ही ओळ मोठ्याने वाचून दाखवावी, आणि सोबत एक नवा लॅम्प न्यावा, म्हणजे त्यांचे वाचन थांबायला नको.

कलम चौथे : बरण्या

हे कलम नीट लिहून घे, बाई, पाचवे यावरच उभे आहे.

श्रावस्तीचे आजोबा एका सरकारी खात्याच्या फोटो विभागात डार्करूममध्ये होते. आम्ही दिल्लीत मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहायचो. आजूबाजूला परीक्षा देणारी पोरे. त्यांना फॉर्मला चिकटवायला फोटो लागायचे. हे संध्याकाळी ते काढून द्यायचे आणि डेव्हलपर मी कालवायची. रंगीत फोटोंची दुकाने आली तरी काही पोरे आमच्याकडेच यायची, कारण आमच्या फोटोत दाणा दिसत नसे. स्वस्त फोटोत चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दिसते, तो दाणा. तो बारीक ठेवायचा तर डेव्हलपरही तसा लागतो. त्यात सल्फाइट भरपूर, टाकणखार थोडा, आणि दोन कामकरी पुड्या. एक मेटॉल, ती चित्र जागे करते. दुसरी हायड्रोक्विनोन, ती काळे भरते. एकीला दुसरीशिवाय करमत नाही.

मला वाचता येत नाही आणि अंधारात तर कोणालाच येत नाही. म्हणून यांनी बरण्यांच्या गळ्यात दोरे बांधून गाठी मारल्या. एक गाठ मेटॉल, दोन गाठी हायड्रोक्विनोन, तीन सल्फाइट, चार टाकणखार. बोट फिरवले की कळायचे.

मग मेटॉल यांना बाधले. बोटांच्या बेचक्यांत खाज, मग भेगा, मग रक्त. भाकरी मोडता येईना. माझ्या हातांनाही होते, पण मी ओरडले नाही, म्हणून कोणाला कळले नाही. डॉक्टरांनी सांगितले, ही पावडर बंद. तेव्हा यांनी मेटॉलच्या जागी फेनिडोन आणले. काम तेच, पण फार जोरदार. मेटॉल चमचाभर लागत असेल तर फेनिडोन चिमूटभर. दहावा हिस्सा धरायचा, त्याहून थोडे कमीच.

श्रावस्तीने विचारले, "आजी, चिमूट म्हणजे किती?"

मी तिच्या गालाला घेऊन दाखवली. आता तिला आयुष्यभर कळेल. तिने फोनवरही शोधले. तिथेही दहावा हिस्साच लिहिला आहे आणि वर असेही, की काट्यावर तोलून घ्या, चिमटीवर विसंबू नका. बरोबर आहे. तोलूनच घ्या.

चूक कुठे झाली ते आता. नव्या बरणीलाही यांनी एकच गाठ मारली. मी म्हटले, "अहो, वेगळी पुडी आहे, हिला वेगळी गाठ द्या." तर म्हणाले, "काम तेच, शैला, मग गाठही तीच." आणि उरलेले मेटॉल टाकवेना, म्हणून तीही अर्धी बरणी कपाटात मागे ठेवली. एकेक गाठीच्या दोन बरण्या. मला ठाऊक होते कोणती कुठे आहे. हे गेले. सुगत तयार पाकिटे आणू लागला, बरण्या पडून राहिल्या. मग आम्ही मुनिरका सोडून इथे आलो. सामान बांधताना देवयानीने दोन अर्ध्या बरण्या पाहिल्या, दोन्हींना एक गाठ, दोन्हींत पांढरट पूड. तिने तेच केले जे कोणीही सुगृहिणी तुरीच्या डाळीच्या दोन अर्ध्या डब्यांचे करते. एकीत दुसरी ओतली आणि रिकामी बरणी घासून ठेवली.

आता त्या बरणीत मेटॉल किती आणि फेनिडोन किती, ते कोणीही सांगू शकत नाही. गार पाण्यात चिमूट टाकली तर काही विरघळते, काही वर तरंगत राहते. चमचाभर घातली तर फिल्म कोळसा होईल. चिमूटभर घातली तर माणूस धुरासारखा येईल, हात लावला तर विरेल असा.

ती बरणी कोणीही वापरू नये. मोरीत ओतू नये. श्रावस्तीच्या कॉलेजच्या रसायनशाळेत विचारून त्यांच्या पद्धतीने नष्ट करावी. आणि बरणीचा विषय देवयानीसमोर काढू नये. तो काढण्याचा हक्क इतकी वर्षे माझा होता आणि मी तो भरपूर वापरला. तो कोणाच्या नावे करत नाही.

कलम पाचवे : रोल

माझा मुलगा सुगत करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्या एप्रिलमध्ये तो आतल्या खोलीत एकटा होता. दार लोटलेले. वडिलांचा कॅमेरा त्याच्याजवळ होता. मी दाराशी ताट ठेवायची आणि मागे सरायची, मग तो दार उघडायचा. कधी आतून कॅमेऱ्याचा खटका ऐकू यायचा. मी ओरडायची, "फोटो कसले काढतोस, जेव!" तो म्हणायचा, "जेवणाचाच काढतोय, आई."

मग त्याला हॉस्पिटलात नेले. परत आणले ते बांधून. चेहरा दाखवला नाही.

खोली उघडायची परवानगी मिळाली तेव्हा खिडकीत स्टीलची डबी होती. आत रोल, नीट गुंडाळून संपवलेला. मी तो फ्रीजमध्ये ठेवला. तेव्हापासून तो तिथे आहे. लाइट गेली की मी फ्रीजचे दार उघडू देत नाही. पाहुण्यांना बर्फ मिळत नाही तो यामुळे. लोक मला कंजूष म्हणतात, म्हणोत.

श्रावस्ती दरवर्षी म्हणते, "आजी, लॅबला देऊया ना. एका आठवड्यात स्कॅन होऊन मेलवर येईल." लॅबला नाही. कोणी परका पोरगा कानात गाणी घालून माझ्या मुलाचा शेवटचा चेहरा माझ्याआधी बघेल, ते मला चालणार नाही. घरी करायचे तर पुडी कोणती, आणि बरणी तर ही अशी. देवयानी या विषयावर उठून जाते.

आणि थांबणेही सोपे नाही. यांनीच सांगितले होते, की फिल्मवर पडलेले चित्र न धुता ठेवले तर आतल्या आत फिकट होत जाते. थंडीत हळू, पण होतेच. म्हणजे मी झोपते तेव्हाही तो डबीत पुसला जातो आहे. धुतला आणि बिघडला तर मी त्याला दुसऱ्यांदा घालवीन. नाही धुतला तर तो आपला आपणच जाईल. आणि नीट धुतला गेला तर? त्यात तो कसा दिसत असेल? दाराच्या फटीतून माझ्याकडे बघत असेल का? मी मागे सरताना त्याने माझा फोटो काढला असेल का? मला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते आणि हे आजवर मी कोणाशी बोलले नाही. श्रावस्ती, रडू नकोस, कागद ओला होतो.

म्हणून असे ठरवते, की हा रोल माझ्या मृत्यूनंतरच धुवावा. श्रावस्ती आणि देवयानी यांनी मिळून, नवे फेनिडोन आणून. तोपर्यंत फ्रीज बंद करू नये.

येथे पहिली बैठक संपली.

दुसरी बैठक

कलम सहावे : पाचव्या कलमात बदल

वरचे लिहून झाल्यावर नात माझ्याशी नीट बोलेना. चहा ठेवायची आणि जायची. शेवटी म्हणाली, "आजी, तू गेल्यावर मी बाबांना बघायचं, आणि तू नाही. ये तो गलत है, यार."

मला यार म्हणाली. मी ऐकून घेतले.

तिने नवे फेनिडोन मागवले. कुरिअरने डबी आली. मी चिमूटभर गार पाण्यात टाकली, पूड तरंगत राहिली. ऊन पाणी घातल्यावर बऱ्याच वेळाने विरघळली. फेनिडोन असेच विरघळते, म्हणजे पुडी खरी होती. मी त्या डबीला दोरा बांधला आणि पाच गाठी मारल्या. श्रावस्तीचे आजोबा, ऐकताय ना? हिची गाठ हिची.

मग दुसऱ्याच एका रोलवर परीक्षा घ्यायची ठरली. श्रावस्तीने गॅलरीत बसवून माझे फोटो काढले. मी न हसायचे ठरवले होते, पण ती म्हणाली, "आजी, पुष्कर अंकल येतायत," आणि मी वळून पाहिले. काट्यावर तोलून, सांगितल्याप्रमाणे कालवून तो रोल धुतला. स्वच्छ आला. दाणा इतका बारीक, की माझ्या सुरकुत्या मोजता याव्यात. मोजू नयेत.

आता थांबायला कारण उरले नाही. पुडी खरी, तोल खरा, नात तयार. त्या दिवशी मला ताप आल्यासारखे वाटले. डॉक्टर निखिलनी तपासले, ताप नव्हता.

काल दुपारी केले. संडासाच्या खिडकीला काळे कापड लावले. काळ्या पिशवीत हात घालून फिल्म रिळावर चढवायची असते. आत काही दिसत नाही, बोटांनीच. ते मला डोळे मिटून येते, पण काल फिल्मची कड बोटांतून निसटत राहिली. फिल्म रिळाच्या खाचेत बसेना. मी म्हटले, "देवयानी, ये."

ती दाराशीच उभी राहिली. "आई, मी नको. माझ्या हातून आधीच एकदा..."

"तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आता मी सांगते आहे. घाल हात."

तिने दुसऱ्या बाजूने पिशवीत हात घातले. आत तिची बोटे गार लागली. मी तिच्या बोटांवर बोटे ठेवून फिल्मची कड दाखवली. दोघींच्या बोटांत फिल्म होती. तिनेच चढवली. रीळ डब्यात घालून झाकण तिनेच लावले.

फेनिडोनही तिलाच तोलायला लावले. तिने तीनदा काटा पाहिला. श्रावस्ती म्हणाली, "मम्मा, बिल्कुल सही है, टाक आता." पाणी कोमट करून त्यात पूड विरघळवली, मग गार होऊ दिले. श्रावस्तीने थर्मामीटर लावला. मी तरी कोपर बुडवून पाहिले. सुगतला आंघोळ घालताना पाहायची तसे. फिल्मला त्याच्यापेक्षा गार पाणी लागते, पण कोपराला राहवत नाही.

डेव्हलपर डब्यात ओतला आणि डबा हलवत मी बसले. सगळ्यांत वाईट वेळ तीच. आत काय होते आहे ते उघडून पाहता येत नाही आणि थांबवता येत नाही. आतल्या खोलीच्या बंद दाराबाहेर मी अशीच बसायची. देवयानी माझ्याशेजारी येऊन जमिनीवर बसली. तेव्हा ती त्याच दाराबाहेर, पलीकडच्या कडेला बसायची. मग डेव्हलपर ओतून दिला, पाणी, मग चित्र पक्के करणारा हायपो. हायपो झाल्यावर झाकण काढता येते. मी म्हटले, "तुम्ही बघा आधी. काळी आहे की कोरी, तेवढं सांगा."

श्रावस्तीने फिल्म बल्बाकडे धरली, मग पुन्हा धरली. मला वाटले, गेला.

मग श्रावस्ती म्हणाली, "आजी, आहेत. फिके आहेत, पण आहेत."

कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमटा लावून फिल्म टांगली. मी खिडकीवरचे कापड काढायला सांगितले. पहिली काही चित्रे ताटांची आहेत. खरेच जेवणाची होती. एकात माझा हात आहे, ताटाला धरलेला. त्याने माझे तोंड काढलेले नाही, मागे सरणारी मी कुठेही नाही. मी पुन्हा पुन्हा पाहायला सांगितले. नाही.

शेवटचे चित्र आरशातले आहे. छातीशी कॅमेरा धरून सुगत उभा आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते, की धुतलेल्या फिल्मवर सगळे उलटे असते, उजेड काळा आणि काळे ते उजळ. माझ्या मुलाचे केस दाट काळे होते. तिथे ते पांढरेशुभ्र आहेत. मिशाही पांढऱ्या. बारीक दाण्यामुळे केस न् केस दिसतो. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. कोणाचाही आजोबा शोभावा, इतका म्हातारा दिसतो.

म्हणून पाचवे कलम रद्द. जो रोल आता डबीत नाही, तो कोणाला देता येत नाही. त्याच्या जागी असे लिहावे :

धुतलेली फिल्म देवयानी आणि श्रावस्ती दोघींची. ताटांचे प्रिंट काढावेत, माझ्या हाताचाही काढावा, नागपूरहून एन्लार्जर आल्यावर. आरशातल्या त्या एका चित्राचा प्रिंट मात्र काढू नये. प्रिंट काढला की केस पुन्हा काळे होतील. तो तसाच राहू द्यावा. पाहावासा वाटला की खिडकीशी धरावा. माझ्या मुलाचे म्हातारपण माझ्याकडे एवढेच आहे.

आणि भीती गेली, असे श्रावस्तीने इथे लिहिले होते. मी ते खोडायला लावले. आज सकाळी लाइट गेली तेव्हा मी फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. आत आता लोणचे आहे फक्त. तरी उभी राहिले.

माझ्यामागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम साधा करावा. त्रिशरण-पंचशील म्हणावे, भाषणे लांबवू नयेत. पाहुण्यांना बर्फ द्यावा.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे श्रावस्तीने मला मराठीत दोनदा वाचून दाखवले. शेजारच्या पार्वती रावत यांना मराठी येत नाही म्हणून त्यांना हिंदीत समजावले. पुष्करच्या ओळीला त्या फार हसल्या. जे सांगितले तेच लिहिले आहे, जे खोडायला सांगितले ते खोडले आहे. मला सगळे मान्य आहे.

ठिकाण : गाझियाबाद
दिनांक : १८ जानेवारी २०२६

मृत्युपत्र करणार :
शैला राजाराम मेश्राम (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार :
श्रावस्ती सुगत मेश्राम

साक्षीदार :
१. डॉ. निखिल खोब्रागडे, राहणार समोरचा फ्लॅट
२. पार्वती रावत, राहणार खालचा मजला

साक्षीदारांची नोंद : अंगठ्याच्या रेषा उमटल्या नाहीत. हा अंगठा शैलाबाईंचाच आहे. तो उठेपर्यंत आम्ही दोघेही त्यांच्याकडे पाहत होतो.